परदेशातून : फिल्म आधी पाड्यावर लावा

आपल्याकडच्या कष्टकऱ्यांवरची एखादी डॉक्युमेंटरी टोरांटोच्या 'हॉट डॉक्स'सारख्या महोत्सवात लागली, की नाशिकच्या गप्पांत दोन तट पडतात. एक म्हणतो, गरिबी विकून बक्षिसं मिळवतात, देशाची शोभा करतात. दुसरा म्हणतो, निदान जगाला तरी कळू दे. कॅनडातून ऐकताना वाटतं, भांडण भलत्याच प्रेक्षकावरून चाललंय. टोरांटोतला माणूस तिकीट काढतो, हळहळतो आणि घरी जातो. पडद्यावर जिचा चेहरा होता त्या पेठ-सुरगाण्याच्या बाईला फिल्म दाखवली का? तिच्या तहसीलदारानं पाहिली का? हे दोन्ही तटांतलं कुणी विचारत नाही.

कॅनडात हा प्रश्न १९६७ मध्येच कुणीतरी नीट हाताळला होता. न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर मासेमारी खालावली होती आणि बेटावरच्या लोकांना दुसरीकडे हलवायचा सरकारी विचार चालू होता. सरकारच्याच नॅशनल फिल्म बोर्डानं 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमात कॉलिन लो या दिग्दर्शकाला तिथे पाठवलं. सोबत मेमोरियल युनिव्हर्सिटीचा विस्तार विभाग होता. एका मोठ्या फिल्मऐवजी सत्तावीसेक छोट्या फिल्म्स झाल्या. प्रत्येक फिल्म आधी त्यातल्या माणसांना दाखवायची, त्यांना नको असेल तो तुकडा काढायचा, मग बेटावरच्या इतर गावांत आणि त्यानंतरच मंत्र्यांपुढे. मंत्र्याचं उत्तरही चित्रित करून बेटावर आणून दाखवलं. लोक बेटावरच राहिले, सहकारी संस्था उभी राहिली. श्रेय एकट्या फिल्मचं नव्हे, सहकाराची बोलणी आधीपासून चालू होती. पण गावागावांतला अबोला सुटायला त्या पडद्याची मदत झाली.

लो यांचा खरा धडा संकलनाचा आहे. एकाच प्रश्नावर चार माणसांची वाक्यं आलटून पालटून जोडली, की कुणीतरी जिंकतो, कुणीतरी हरतो आणि शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. म्हणून ते एका फिल्ममध्ये एकच माणूस किंवा एकच प्रसंग ठेवत. याला ते उभी फिल्म म्हणत, आलटून पालटून जोडलेली ती आडवी.

आपल्याकडे आडव्या फिल्मचा सगळ्यात घातक विषय गोदावरीवर नाशिकच्या खाली, पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचा आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र. तुटीच्या वर्षी कॅमेरे गंगापूर आणि दारणा धरणांवर पोचतात. निफाडचा द्राक्षवाला म्हणतो, 'आमच्या हक्काचं पाणी', लगेच कट, पैठणचा शेतकरी म्हणतो, 'वरचे अडवून बसलेत'. दोघांना आठ-आठ सेकंद. द्राक्षाची गोडी छाटणी नेमकी याच दिवसांत असते आणि छाटणीनंतर पाण्याची खात्री नसेल तर वर्षाचं पीक टांगणीला लागतं, हे पैठणकराला कळत नाही. पैठणच्या माणसाची रब्बीची पेरणी त्याच पाण्यावर अडलेली असते, ते निफाडला दिसत नाही. दहा-दहा मिनिटांच्या दोन उभ्या फिल्म्स करा. निफाडची पैठणला दाखवा, पैठणची निफाडला. वाद मिटेलच असं नाही, पण शिवीगाळीच्या जागी हिशेब येईल.

दुसरी खोड घाईची. त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे नेत. ते दृश्य गाजलं, २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात वाहून गेला. चित्रामुळे पूल आला हे खरं, पण जानेवारीत पात्रासमोर उभं राहून पुराची उंची कळत नाही. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात, कारण उतारावरून पाणी वाहून जातं आणि खालचा काळा पाषाण फारसं धरून ठेवत नाही. फक्त मे महिन्यात चित्रीकरण केलं तर प्रेक्षकाला वाटतं, इथे पाऊसच नसावा. जुलैची भातलावणी, कापणी, मग द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेली टोळी आणि शेवटी विहिरीत उतरलेली बाई, हे चारही हवं. म्हणजे किमान एक वर्ष, आणि एका तासाच्या फिल्ममागे पन्नास-शंभर तासांचं चित्रण सहज. 'फाळके आमचे' म्हणून छाती फुगवणाऱ्या नाशिकनं हेही आठवावं, की त्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ते महिनाभर थोडं थोडं चित्रित केलं होतं.

संमतीचं तर हसूच होतं. पहिल्याच दिवशी इंग्रजी कागदावर अंगठा, की काम झालं. संमती तीनदा घ्यावी: कॅमेरा काढण्याआधी, चित्रीकरण संपल्यावर आणि कच्चं संकलन दाखवल्यावर, तीही कॅमेऱ्यापुढे, त्यांच्या बोलीत. बागाईतदाराविरुद्ध बोललेल्या मजुराला पुढच्या हंगामात उचल मिळत नाही आणि तोवर फिल्मवाला मुंबईला गेलेला असतो. असं वाक्य कितीही धारदार असलं तरी मजुराला विचारल्याशिवाय ठेवू नये.

पाड्यावरचा खेळ सोपा वाटतो, फसतो मात्र बारीक गोष्टींनी. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण पूर्ण अंधार पडल्यावरच. पातळ चादरीतून उजेड आरपार जातो. दुहेरी मांजरपाट घ्यावा आणि चारी बाजूंनी बांबूला ताणून बांधावा, नाहीतर वाऱ्यानं पडद्याचं शीड होतं. जनरेटर घराआड, शंभर फुटांवर, वारा आपल्याकडून तिकडे वाहत असेल अशा जागी. स्पीकर डोक्याच्या उंचीवर, जमिनीवर ठेवला तर पुढच्या पोरांपलीकडे आवाज जात नाही. सबटायटलवर विसंबू नये, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. गावातल्याच एखाद्या पोरानं कोकणीतून सांगावं. गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची बोली. आणि खेळ बागांच्या हंगामात ठेवू नये, तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच उरतात.

यावर कुणी म्हणेल, कॅनडात सरकारच पैसे देतं. दिले खरे, पण तो उपक्रम १९८० मध्ये बंद पडला. आणि आपल्याकडेही १९६७ सालीच फिल्म्स डिव्हिजननं १९४७ मध्ये जन्मलेल्या तरुणांना देशाबद्दल मोकळेपणी बोलतं केलं होतं. तेही सरकारी पैशांतूनच. ती संस्था २०२२ मध्ये एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झाली. पैसा मागायचाच तर महोत्सवाच्या तिकिटासाठी मागण्यापेक्षा पाड्यावरच्या खेळासाठी मागावा; तो चित्रीकरणाच्या अंदाजपत्रकातच धरावा, मागाहून कुणी देत नाही. भाड्याचा प्रोजेक्टर, जनरेटरचं पेट्रोल, दोन माणसांचा प्रवास आणि शाळेला, ग्रामपंचायतीला देण्यापुरते पेन ड्राइव्ह. फाइल साधी एमपी-फोर ठेवावी. ती आधी गावातल्याच टीव्हीवर लावून बघावी, कारण संकलनाच्या लॅपटॉपवर चालणारी फाइल जुना टीव्ही बऱ्याचदा उघडतच नाही.