दंडातली गर्भनिरोधक कांडी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘दंडात बसवलेली गर्भनिरोधक कांडी शरीरात फिरत हृदयापर्यंत जाते आणि बाईला कायमचं वांझ करते’ असा मेसेज सध्या फिरतोय.

आधी वंध्यत्वाचं, कारण घबराट त्याचीच जास्त आहे. ही इम्प्लांट म्हणजे सुमारे ४ सेंटीमीटर लांब, २ मिलिमीटर जाड अशी लवचिक कांडी. तिच्यातून एटोनोजेस्ट्रेल हे हार्मोन अगदी थोडं थोडं झिरपतं. त्यामुळे बीजांड बाहेर पडत नाही, गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. कांडी काढली की साधारण आठवड्याभरात हार्मोन रक्तात सापडेनासं होतं, आणि बहुतेकींचं बीजांड काही आठवड्यांतच पुन्हा तयार होऊ लागतं. गर्भाशयाला किंवा बीजकोशांना कायमची इजा होत नाही. ही माहिती औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात आहे, कुणाच्या ऐकीव अनुभवातली नाही.

सरकण्याबद्दल मात्र मेसेज पूर्ण हवेतला नाही. कांडी रक्तवाहिनीतून फुप्फुसापर्यंत गेल्याची मोजकी उदाहरणं नोंदली गेली आहेत. पण ती फार दुर्मीळ, आणि बहुधा कांडी खोलवर बसल्यामुळे. म्हणून ती कातडीच्या लगेच खाली, प्रशिक्षित व्यक्तीनेच बसवायची असते. बोटांनी चाचपून ती लागायला हवी. लागली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पाळी अनियमित होणं हा खरा, नेहमीचा त्रास. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.