ऑइल कॅपखालचा कुंदा

बेळगावात सकाळी मोटार चालू झाली नाही तर मेस्त्रीला फोन करण्याची घाई करू नये. नुसतं बॉनेट वर करावं. टिळकवाडी असो, अनगोळ असो, वडगावात मागांच्या खडखडाटात हरवलेली एखादी गल्ली असो, पाच मिनिटांत चार माणसं जमतात. एकाच्या हातात दुधाची पिशवी, एकाच्या तोंडात ब्रश. चौघांचे चार पंथ असतात. पहिला बॅटरीपंथी: "बॅटरी गेली बघा वो, दुसरं काय नाही." दुसरा कचरापंथी: "कार्बोरेटरात कचरा आलाय. फुंकर मारा." तिसरा काही बोलत नाही, फक्त हात घालून एखादी वायर हलवतो आणि मागं सरकून उभा राहतो. चौथा भंगारपंथी: "मोडीत काढा की आता, भाव बरा यायलाय."

गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही. पंचवीस वर्षांनंतर उरलेला दोष कंपनीचा नसतो, आधीच्या पाच मालकांचा आणि त्यांच्या पाच मेस्त्र्यांचा असतो. माझं म्हणणं एवढंच, की जुनी गाडी आपला आजार स्वतः सांगते. बिचारीला बोलू द्यायला कुणी तयार नसतं. तेव्हा दूधवाल्यापासून ब्रशवाल्यापर्यंत सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प करा, काच खाली करा आणि किल्ली फिरवा.

टक-टक-टक-टक असं भराभर वाजलं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले, तर बॅटरीपंथी जिंकला: करंट अपुरा आहे. एकच जाडजूड "टक" येऊन शांतता पसरली, तर संशय सोलेनॉइडवर (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच), स्टार्टरच्या आतल्या झिजलेल्या संपर्कांवर किंवा अर्थिंगवर. काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर पहिला संशय बॅटरीच्या सैल टर्मिनलवर. हाताने पिळून बघा, फिरलं तर तेच. दिवे झकास आहेत पण आवाज नाही, तर इग्निशन स्विच किंवा स्टार्टरची बारीक वायर. आणि इंजिन छान गरगरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचं नाव काढणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

चार-पाचशेचा मल्टिमीटर घेतला की निम्मे वाद मिटतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत 12.6 व्होल्ट असले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. किल्ली मारताना आकडा 9.6 च्या खाली जायला लागला तर बॅटरी म्हातारी झाली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवेत, तिथंही 12.4 च असेल तर नवी बॅटरी आणूनही काही उपयोग नाही, बॅटरी भरणारा अल्टरनेटरच तिला उपाशी ठेवणार. लोक मात्र आधी बॅटरी बदलतात, दोन दिवसांनी तीही बसते, मग बॅटरीवाल्याशी भांडतात.

पण जुन्या गाडीतला खरा लबाड म्हणजे अर्थची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनापर्यंत पोचवायला एक विणलेली तांब्याची पट्टी असते. वीस पावसाळ्यांनंतर ती हिरवी पडते, निम्मे धागे तुटतात. दिव्यांना करंट पुरतो, स्टार्टरला पुरत नाही. लक्षण हुबेहूब गेलेल्या बॅटरीचं. तपास सोपा आहे: जंपर केबलची एकच तार घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडी भागाला लावा आणि किल्ली मारा. गाडी तरुण झाल्यासारखी फिरली तर दोष पट्टीचा. मीटरनं बघायचं तर एक पिन निगेटिव्ह टर्मिनलवर, एक इंजिनावर, आणि किल्ली मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला की पट्टी गेली. ती शे-दोनशेला मिळते. तिच्यापायी लोकांनी स्टार्टर दोनदा भरून घेतलेले असतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साठला असेल तर खायचा सोडा आणि गरम पाणी, वर व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर दिवाळी होते.

आता गरगरतंय पण पेटत नाही त्याचं. पेट्रोल आणि ठिणगी, यातलं एक गैरहजर आहे. एक प्लग काढा, वायरला जोडा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवा, पेट्रोलच्या वासापासून लांब, आणि कुणाला तरी किल्ली मारायला सांगा. प्लग हातात धरू नका. ठिणगी आहे हे कळतं, पण कोपरापर्यंत कळतं. निळी, कडक ठिणगी चांगली; पिवळट, मलूल ठिणगी म्हणजे कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर बघा. प्लगचा रंगही वाचता येतो. बिस्किटाचा रंग असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. कचरापंथी कधीकधी बरोबर असतो, पण तो न बघता बोलतो, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.

खानापूर-जांबोटी भागात जून ते सप्टेंबर हा दोष निराळ्याच वेषात येतो. रात्रभर पाऊस, सकाळी गाडी मुकी, दुपारी ऊन पडलं की आपोआप बोलकी. मालक मेस्त्रीकडे नेतो तेव्हा ती गुणी बाळासारखी वागते. दोष डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, झाकणात असतो. आत दमट हवा साठते, ठिणगी प्लगपर्यंत न जाता झाकणाच्या आतल्या आतच पळून जाते. झाकण काढून कोरड्या सुती फडक्यानं पुसा आणि उजेडात धरून बघा: पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून फायदा नाही, झाकण बदला. वायरी तपासायच्या तर रात्री अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा. जुन्या वायरींवर निळ्या मुंग्या धावताना दिसतात. बघायला सुंदर असतं. हात लावू नये.

ढकलून चालू करणं हा आपल्याकडचा सामुदायिक कार्यक्रम. मराठी माणूस "हं, मारा धक्का" म्हणतो, शेजारचा कानडीत "स्वल्प दब्बरी" म्हणतो, गाडीला दोन्ही कळतं. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच झटकन सोडायचा आणि लगेच परत दाबायचा. पहिल्या गिअरात केलं तर गाडी थांबते आणि मागून ढकलणारे काचेवर आपटतात. ठिणगीच नसेल तर मात्र अख्खी गल्ली लावूनही उपयोग नाही. शिवाय सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन जळतं आणि महागडा भाग निकामी होतो.

आता कुंदा. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून खव्याच्या रंगाचा मऊ लगदा निघतो. कुंदा ही आमची खव्याची मिठाई, बेळगावच्या माणसाला त्याला दुसरं नाव सुचणं शक्य नाही. ऑइलात पाणी घुसळलं गेलं की तो तयार होतो. तो दिसताक्षणी मेस्त्री गंभीर होऊन म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय मालक." म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं पॅकिंग फाटलं. इथंच घाबरायचं नाही. गाडी रोज फक्त घर ते भाजी मार्केट, दोन किलोमीटर, तेही पावसाळ्यात, जात असेल तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर बसते आणि पातळ साय धरते. हा गरिबाचा कुंदा, निरुपद्रवी. एकदा संकेश्वरपर्यंत हायवेनं जाऊन आलं की जातो.

अस्सल कुंदा ओळखायचा डिपस्टिकवर. काडीवरचं ऑइलही दुधाळ असेल, रेडिएटरचं पाणी गळती न दिसता कमी होत असेल, तर थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरातला गॅस पाण्यात घुसतोय. मग हेड उतरवावंच लागतं. नुसतं गॅस्केट बदलून परत बसवणारा मेस्त्री असेल तर चहा पिऊन निघून या. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा, सरकवायचा, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जाड पान आत गेलं तर फेसिंग मारून, म्हणजे तळ यंत्रावर सपाट करून, घ्यायचं. आपलं नशीब असं, की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगवाल्यांची वाण नाही. ज्या गावात फाउंड्र्या आहेत तिथं म्हाताऱ्या गाडीला मरू देणं हा गुन्हा आहे. बाजारात न मिळणारा बुश तिथं नमुना दाखवून वळवून मिळतो. फक्त जुना बुश फेकू नका, नमुना हाच लागतो.

आमच्याकडची खरी प्रयोगशाळा म्हणजे गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट. जाताना धूर बघायचा, येताना पाणी. कणकुंबी सोडून घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजिनात ओढ निर्माण होते. खाली पोचून पाय दाबल्यावर मागं निळा ढग निघाला तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. हे काम तसं स्वस्त. परत चढताना एकसारखा निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा, आणि मग खिशाकडे बघावं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय, पुन्हा कुंद्याकडे चला.

तापण्याचं निदान करताना सगळे रेडिएटर साफ करायला धावतात आणि शंभर-दोनशेच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. झाकण साधारण 0.9 बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 115 अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब गेला. बेळगाव अडीच हजार फुटांवर, इथं उघड्यावरचं पाणी शंभरच्या आधीच उकळतं. दुसरा अपराधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, जो बहुतेक जुन्या गाड्यांत नसतोच. कुणा मेस्त्रीनं "हे नको असतं" म्हणून काढून टाकलेला असतो. मग गाडी गावात थंडगार राहते, पेट्रोल पिते, आणि वरचा कुंदा जमवते. तो परत बसवा. घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. जूनमध्ये घरच्यांना हे पटवणं कठीण जातं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. काटा लाल झाला तर बाजूला घ्या आणि झाकणाला अर्धा तास हात लावू नका.

रिंगा की व्हॉल्व्ह हा वाद कॉम्प्रेशन टेस्टनं मिटतो. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, एकेका प्लगच्या भोकात दाब मोजणारा गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चार-पाच फेरे फिरवा. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांत असावा. कमी आकड्याच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा: आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. दहा मिनिटांचं काम आहे, तरी "इंजिन उघडल्यावर कळंल" हेच उत्तर जास्त ऐकू येतं.

जुनी गाडी घ्यायची तर इथं तीन राज्यांचा बाजार आहे: केए-22, एमएच-09 आणि जीए. गोव्याची स्वस्त दिसते, आत मीठ असतं. मॅट उचला, स्टेपनीची खोबण बघा, दारांच्या खालच्या कडेवरून चुंबक फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 3518 म्हणजे 2018 चा पस्तिसावा आठवडा, नक्षी कितीही खोल असो. परराज्याची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, नावावर करायला 29 आणि 30. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म 25, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्याची फी 1 एप्रिल 2022 ला 600 ची 5,000 झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये 10,000. गाडीच्या किमतीशी या आकड्याची तुलना करू नये, वाईट वाटतं.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, भेगाळतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या एकदाच बदला. आणि इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी टाकी अर्धी ठेवून झाकू नका.

राहता राहिला उंदीर. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब असते आणि वायरीचं आवरण त्याला चवदार लागतं. गाडी एका सिलिंडरनं लंगडत असेल तर आधी प्लगची वायर कुरतडली आहे का ते बघा. यावरचा स्थानिक उपाय निपाणीचा तंबाखू: मूठभर पानं कापडाच्या पुडीत बांधून पंखा आणि बेल्टपासून लांब अडकवायची, सायलेन्सरच्या बाजूला तर नकोच. वास उडतो म्हणून दर पंधरवड्याला पुडी बदलावी लागते. भंगारपंथी काकांचं मत वेगळं आहे, ते म्हणतात उंदराला सवय लागते. तसं असेलही. पण पुडी हलकी वाटली तर उंदरावर आळ घेण्याआधी, बॉनेट शेवटचं कुणी उघडलं होतं तेवढं आठवून बघा.