‘मोठं मूल दत्तक घेऊ नका’ या मेसेजला उत्तर

दोन महिन्यांत हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. चौथ्यांदा तो आत्याने पाठवला, वर ‘तुझ्यासाठी नाही गं, सहज माहितीसाठी’ असं लिहून. आमची लेक आठ वर्षांची असताना बालगृहातून घरी आली, हे आत्याला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा उत्तर द्यावं असं वाटलं. आत्याला फोनवर दिलंच आहे, हे बाकीच्यांसाठी.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांना त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. घ्यायचंच तर तान्हं बाळ घ्या, सहा वर्षांनंतर मूल घडून गेलेलं असतं, मग वळण लागत नाही. संस्थेत उरलेली मोठी मुलं म्हणजे लोकांनी नाकारलेली मुलं. प्रतिपालकत्वात, म्हणजे ‘फॉस्टर केअर’मध्ये मूल आणलं तर पाच वर्षं तुम्ही सांभाळायचं आणि मग खरे आईबाप येऊन घेऊन जाणार. एकट्या बाईला तर मूल देतच नाहीत. अशी मुलं कधी ‘आई’ म्हणत नाहीत. आणि नाहीच जमलं तर परत करता येतं, पण तोवर घराची वाट लागलेली असते.

‘सहा वर्षांनंतर मूल घडून गेलेलं असतं’

याच्या पुष्ट्यर्थ मेसेजमध्ये ‘रोमानियातल्या संशोधना’चा दाखला आहे. संशोधन खरं आहे, पण ते उलटं वाचलंय. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० च्या सुमारास १३६ मुलांवर हा अभ्यास सुरू झाला. सगळी अनाथालयांत वाढणारी, वय जेमतेम सहा महिने ते अडीच वर्षं. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत पाठवलं, निम्मी तिथल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसांवर जीव लावणं, सगळंच मागे राहिलेल्यांपेक्षा सुधारलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त सुधारलं, हेही खरं. पण यातून निघतं काय? संस्था वाईट, कुटुंब चांगलं, आणि लवकर तितकं बरं. ‘उशीर झालाय ना, मग तिथेच राहू द्या’ हा निष्कर्ष त्यातून काढणं म्हणजे, डॉक्टर म्हणाले लवकर आणायला हवं होतं, म्हणून रुग्णाला घरीच ठेवणं.

दुसरा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांचा. ती पुढे मोठी होईपर्यंत तपासली गेली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्या भयानक अनाथालयांत काढलेली मुलं लहानपणी बुद्धीच्या चाचण्यांत मागे होती, तरुणपणी त्यांनी ती कसर भरून काढली. लक्ष न लागणं, माणसांशी वागताना अडखळणं असे त्रास मात्र अनेकांना पुढेही राहिले. म्हणजे ‘प्रेम दिलं की सगळं ठीक होतं’ हा गोड मेसेजही खोटाच. आणि या दोन्ही अभ्यासांतली मुलं कुटुंबात गेली तेव्हा साडेतीन-चार वर्षांच्या आतली होती. आठ वर्षांच्या मुलाला वळण लागत नाही, असं त्यातलं एकही पान म्हणत नाही.

आता आमच्या घरातलं. लेक आली त्या आठवड्यात मी गादी झटकायला उचलली, तर खाली पोळीचे वाळके तुकडे, बिस्किटांचे दोन पुडे आणि कागदात गुंडाळलेला गूळ. मेसेजच्या भाषेत ही चोरीची सवय. मीही खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. संध्याकाळी समाजकार्यकर्तीला फोन केला. ती हसलीच. म्हणाली, “काढू नका. घंटा झाली की जेवण, एवढंच तिला माहीत आहे. मध्ये भूक लागली तर काय करायचं, याची तिने स्वतः सोय केलीय.” तिच्या सांगण्यावरून एक झाकणाचा डबा आणला, त्यावर लेकीचं नाव चिकटवलं आणि सांगितलं, हा तुझा, रिकामा झाला की न विचारता भरला जाईल. पहिल्या महिन्यात तो दिवसाला दोनदा रिकामा व्हायचा. मी भरायचे. सात महिन्यांनी एका सकाळी तिच्या खोलीत मुंग्यांची रांग दिसली. माग काढला तर त्या डब्यात शिरल्या होत्या. आठवडाभर तो कुणी उघडलाच नव्हता.

अशी अजूनही यादी आहे. पाहुणे आले की बॅग भरून दाराशी ठेवणं, प्रत्येक गोष्टीला आधी ‘हो’ म्हणणं आणि चार महिन्यांनी प्रत्येक गोष्टीला ‘नाही’. ते ‘नाही’चे चार महिने मी सोसायटीत मान खाली घालून फिरले आहे. पण वळण लागतं. वेळ लागतो, आणि बऱ्याचदा वळण आधी आपल्याला लागतं.

‘उरलेली मुलं म्हणजे नाकारलेली मुलं’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बालगृहात असलेलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणाची आई इस्पितळात, कुणाची आजी दर महिन्याला भेटायला येते. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने चौकशी करून मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचं जाहीर करावं लागतं. टाकून दिलेल्या किंवा हरवलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्यात त्याची मुदत आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, त्यावरच्यांसाठी चार. पण एखाद्या नातेवाइकाचा पत्ता तपासण्यात, कागद या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जाण्यात वर्षं सरतात. दोन वर्षांचं असताना आलेलं मूल मुक्त होईपर्यंत सात वर्षांचं होतं. त्यात त्याची खोट कुठली?

दुसऱ्या बाजूला रांग आहे ती बाळांसाठी. ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांच्या वर आहेत, आणि २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, तीही बऱ्याच वर्षांतली सर्वाधिक. बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं हवं असतं. मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, विशेष गरजा असलेली मुलं वेगळ्या यादीत जातात, आणि त्यांच्यासाठी नोंदणीकृत पालकांना त्या लांब रांगेत थांबावं लागत नाही. (संकेतस्थळावर मूल ‘रिझर्व्ह’ करायचं असतं. हा शब्द कुणी निवडला देव जाणे.)

‘पाच वर्षं सांभाळा, मग खरे आईबाप नेतील’

इथे मेसेजने दोन गोष्टींची खिचडी केलीय. दत्तक म्हणजे नातं कायमचं बदलतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ नुसार मूल वारसाहक्कासकट सगळ्या बाबतींत पोटच्यासारखं होतं, आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेलं कायद्याचं नातं संपतं. कुणी येऊन नेऊ शकत नाही. प्रतिपालकत्व ही मात्र तात्पुरती व्यवस्था. घर मिळतं, हक्क बदलत नाहीत. मूळ कुटुंब सावरलं तर मूल परत जाऊ शकतं, आणि जायलाच हवं. ज्याला हे झेपणार नाही त्याने प्रतिपालकत्व घेऊ नये, इतकं मेसेजचं मी मान्य करते.

पण प्रतिपालकत्वातून दत्तकाकडे जाणारी वाटही आहे. मूल मुक्त असेल तर त्याला सांभाळणारं कुटुंबच पुढे दत्तक मागू शकतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी पाच वर्षांची अट होती. मेसेजमधली ‘पाच वर्षं’ तिथूनच आली असणार. २०२४ च्या नव्या तत्त्वांत ती दोन वर्षांवर आली. मुद्दाम तपासून पाहण्यासारखी गोष्ट आहे, कारण जुनी अट ऐकून मागे फिरलेलं एक जोडपं मला माहीत आहे.

‘एकट्या बाईला देत नाहीत’

देतात. दत्तक आधीपासून देतात. प्रतिपालकत्व पूर्वी फक्त जोडप्यांना मिळायचं, २०२४ पासून ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीलाही मिळू शकतं. बंधन आहे ते पुरुषावर: एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. वयाची अटही मोठ्या मुलाच्या बाबतीत सैल होते. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी एकट्या पालकाचं वय चाळिशीपर्यंतच चालतं, आठ वर्षांवरच्या मुलासाठी पंचावन्नपर्यंत.

‘कधी आई म्हणत नाहीत’

आमची वर्षभर मला ‘ताई’ म्हणायची. संस्थेत सगळ्याच बायका ताई. मी दुरुस्त केलं नाही, कारण तिला तिची आई आठवते, नावासकट, आणि ती जागा रिकामी करून मला द्यावी असा काही करार झालेला नव्हता. मग एकदा मी न्हाणीघरात असताना फोन वाजला आणि बाहेरून आवाज आला, “आई आंघोळीला गेलीय, नंतर करा.” समोर विमा विकणारा कुणीतरी होता. त्याला काय कळणार!

‘जमलं नाही तर परत करता येतं’

हे वाक्य मेसेजमध्ये सोयीसारखं लिहिलंय, दुकानातली वस्तू बदलून घ्यावी तसं. मुलं परत केली जातात, ही गोष्ट खरी आहे. २०१७ ते २०१९ या काळात दत्तक गेलेल्यांपैकी साधारण चार टक्के मुलं परत आल्याचं ‘कारा’ने माहिती अधिकारात सांगितलं होतं, आणि त्यांत सहा वर्षांवरची बरीच होती. मेसेज लिहिणारा यालाच पुरावा म्हणेल. मी त्याला विचारेन, घरी नेण्याआधी त्या पालकांना गादीखालच्या पोळ्यांबद्दल कुणी सांगितलं होतं का? मूल देण्याआधीच्या गृहभेटीत आमची मिळकत, खोल्या, आजारपणं सगळं विचारलं गेलं. ‘मूल चार महिने प्रत्येक गोष्टीला नाही म्हणालं तर काय कराल’ हे एकदाच, तेही उठता उठता.

दत्तकाचा आदेश होण्याआधी मूल ‘दत्तकपूर्व’ म्हणून घरी येतं, आणि तेव्हापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी असते. बहुतेक पालक त्या दिवशी घर आवरून ठेवतात आणि ‘सगळं छान’ म्हणतात. आम्हीही पहिल्या खेपेला तेच केलं. दुसऱ्या खेपेला मी पसारा तसाच ठेवला आणि कार्यकर्तीसमोर रडले. लेकीसाठी समुपदेशक त्यानंतर मिळाली.