शंभरातले त्र्याण्णव: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून तिच्याखाली दोन ओळी खरडण्याऐवजी स्वतंत्रच उत्तर देतो. मोबाइल आणि टॉवरच्या मायक्रोवेव्ह लहरींनी ऊती तापतात, त्यापलीकडचा अपाय माणसात सिद्ध झालेला नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं: १०० पैकी ९३ प्रयोगांत ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा अतिरेक) दिसला हे मी दडवलं, जेएनयूतल्या संशोधनाकडे कानाडोळा केला, आणि माझा एकूण सूर कंपन्यांच्या जाहिरातीसारखा आहे. शिवाय तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर आहे.

९३ हा आकडा संशोधक याकिमेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आढाव्यातला, आणि तो खरा आहे. पण ती नुसती शिरगणती आहे. तिच्यात काटेकोर प्रयोगाला एक मत आणि ढिसाळ प्रयोगालाही एकच. यातले बरेच प्रयोग कसे होतात बघा. उंदराला अरुंद प्लास्टिकच्या नळीत तासन् तास अडकवतात, समोर अँटेना. नुसतं अडकवून ठेवलं तरी उंदराची ताणाची संप्रेरकं वाढतात आणि त्याबरोबर मॅलॉनडायअल्डिहाइडसारखी ऑक्सिडेशनची चिन्हंही. म्हणून दुसऱ्या गटाला त्याच नळीत, तितकाच वेळ, यंत्र बंद ठेवून बसवायला हवं, आणि नमुने तपासणाऱ्याला कोणता नमुना कुठल्या गटाचा हे कळता कामा नये. काही प्रयोगांत तर पिंजऱ्याखाली चक्क बाजारातला फोन ठेवलेला असतो. फोन नेटवर्कप्रमाणे आपली शक्ती सतत कमीजास्त करतो, म्हणजे उंदराला मात्रा किती मिळाली हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात तो व्हायब्रेटही होत असेल तर उंदीर कशाला घाबरला ते देव जाणे.

२०१६ मध्ये सिम्को आणि सहकाऱ्यांनी पेशींवरच्या प्रयोगांची याच अंगाने छाननी केली: तापमानावर ताबा होता का, मात्रा मोजली होती का, तपासणारा अनभिज्ञ होता का. या अटी जितक्या जास्त पाळल्या, तितके परिणाम कमी सापडले. शंभरांच्या यादीपेक्षा मला ही गोष्ट जास्त बोलकी वाटते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ऑक्सिडेटिव्ह ताणावरचा आढावा २०२४ मध्ये आला. त्यात बहुतेक निष्कर्षांच्या पुराव्याची विश्वासार्हता 'अतिशय कमी' ठरली. म्हणजे परिणाम नाही असं सिद्ध झालं नाही, पण आहे असं छातीठोकपणे सांगण्याजोगंही काही हाती लागलं नाही.

आता या लहरी पेशींवर परिणाम करतील तर नेमका कसा, हा प्रश्न, जो मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या (वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पट्ट्यातल्या) लहरीच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या सर्वात लहान पुडक्याची, ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. शरीराच्या तापमानाला रेणूंची जी हालचाल आपोआप चालू असते, तिची ऊर्जा याच्या अडीच हजार पटींहून अधिक. त्यामुळे रासायनिक बंध तोडून फ्री रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन प्रतिक्रिया देणारे रेणू) तयार करणं या फोटॉनच्या आवाक्यात नाही. पण 'ऊर्जा कमी म्हणजे काहीच होणं अशक्य' असंही मी म्हणणार नाही, कारण पक्ष्यांनी ते खोटं ठरवलंय. जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात युरोपियन रॉबिन या छोट्या पक्ष्यांना स्थलांतराची दिशा सापडत नव्हती. लाकडी खोल्यांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, तेव्हा सापडू लागली. शहरातला विद्युतचुंबकीय गोंगाट, तोही अगदी क्षीण, त्यांचं होकायंत्र बिघडवत होता. हे संशोधन २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाने रॅडिकलची जोडी तयार होते आणि तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो, असं यामागचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. फक्त तो गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला. पुढच्या प्रयोगांत १४० ते १५० मेगाहर्ट्झला हा परिणाम दिसला नाही, आणि तुमच्या टॉवरच्या लहरी त्याच्याही कितीतरी वर.

जेएनयूच्या बेहारी गटाचं काम मी वाचलंय. २.४५ गिगाहर्ट्झ, रोज २ तास, ३५ दिवस. उंदरांच्या मेंदूत डीएनए तुटलेला आणि ऑक्सिडेटिव्ह ताण आवरणारी अँटिऑक्सिडंट एन्झाइमं बदललेली आढळली. १९९५ मध्ये अमेरिकेत लाय आणि सिंग या संशोधकांनाही उंदरांच्या मेंदूत डीएनए तुटलेला दिसला होता, तिथल्याच सेंट लुइस शहरातल्या प्रयोगशाळेला मात्र तो दिसला नाही. आता तुमच्या बाजूने एक गोष्ट: सेंट लुइसच्या कामाला पैसा मोटोरोलाचा होता. आणि २००७ च्या एका पाहणीत उद्योगांच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत परिणाम सापडण्याचं प्रमाण सर्वात कमी निघालं होतं. तेव्हा पैसा कुणाचा हे विचारायलाच हवं. फक्त दोन्ही बाजूंना विचारा.

सरकारी पैशातून झालेला मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा. २०१८ च्या त्यांच्या अंतिम अहवालात नर उंदरांच्या हृदयात गाठी जास्त आढळल्या, आणि २०२५ च्या आढाव्याने प्राण्यांमधला हा पुरावा भक्कम मानला. हे मी हलक्यात घेत नाही. पण मात्रा बघा: सबंध शरीराला किलोमागे १.५ ते ६ वॅट, रोज सुमारे ९ तास, गर्भावस्थेपासून. सामान्य नागरिकासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.०८ वॅट आहे. शिवाय लहरी सोसलेले नर उंदीर न सोसलेल्यांपेक्षा जास्त जगले, त्याचं काय करायचं हे दोन्ही पक्षांना अडचणीचंच. माणसांवरच्या अभ्यासांचा २०२४ चा आढावा सांगतो की मोबाइल वापरामुळे मेंदूचे कर्करोग वाढलेले दिसत नाहीत.

राहिला तुमच्या गच्चीवरचा टॉवर. अँटेनाचा झोत समोर, किंचित खाली झुकून जातो. बरोबर खालच्या मजल्यावर तो सहसा क्षीणच असतो; बघायची ती समोरच्या इमारतीची त्याच उंचीवरची खिडकी. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती तेव्हा चौरस मीटरला ०.४५ वॅट ठरली. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते. टॉवर हटवून मात्र उलटंच होऊ शकतं: नेटवर्क दुबळं झालं की कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो, आणि डोक्याला मिळणारी मात्रा मुख्यतः त्याचीच असते. लांबलचक गप्पांना इअरफोन लावा, मीही लावतो.

मोजणी झाली तर आकडा इथे जरूर टाका, आणि मीटर नेमका कुठे धरला होता तेही लिहा.