एका ओळीत दोन आकडे, एवढंच मागतोय!

सकाळी ऑर्ग मोडचा (ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) अजेंडा, म्हणजे कामांची यादी, उघडला की कामासमोर दोन आकडे दिसावेत, अंदाज किती होता आणि आतापर्यंत वेळ किती गेला. बस्स! पण ऑर्ग मोडमध्ये हे सरळ होईल तर शपथ. एल दाबलं की लॉग मोड, म्हणजे नोंदवलेला वेळ दिसतो, पण एकाच कामाचे 7 तुकडे 7 ओळींत, क्लॉक्ड 0:12, क्लॉक्ड 0:25, बेरीज कोणी करायची, मी? कॅपिटल आर दाबलं तर वेळेचा तक्ता येतो पण पार तळाशी, तोही मुळात 2 पातळ्यांचाच, म्हणजे तिसऱ्या पातळीवरच्या कामाचा वेळ वरच्या हेडिंगमध्ये गडप. कॉलम व्ह्यू, म्हणजे रकान्यांची मांडणी, लावा म्हणतात. लावला! क्लॉकसम, म्हणजे झालेल्या वेळेची बेरीज, आला आणि अजेंडाची नेहमीची मांडणी झाकली गेली. प्रीफिक्समध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या साच्यात, अंदाजासाठी एक अक्षर आहे ना, मग झालेल्या वेळेसाठी का नाही? त्याला लिस्प भाषेत कोड का लिहायचा? 2003 पासूनचं सॉफ्टवेअर आहे हे, मिनिटामिनिटाचा हिशेब त्याच साध्या टेक्स्ट फाइलीत लॉगबुकात पडलाय, कुठून आणायचा नाहीये, नुसता दाखवायचाय! काल रात्री दीड तास यातच गेला आणि ज्या कामाचं बिल पाठवायचं होतं ते अजून तसंच पडलंय.