प्लग लावला म्हणून दोन्ही बॅटऱ्या भरत नाहीत

अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, बाळगणाऱ्या आपल्या मंडळींत थंडीच्या तोंडावर एक सल्ला हमखास फिरतो: ‘गाडी घरापाशी लावा, विजेची वायर जोडा, दोन्ही बॅटऱ्या आपोआप भरलेल्या राहतात. प्लग नसेल तर आठवड्यातून पंधरा मिनिटं इंजिन चालवा. छतावर सोलर असेल तर बघायलाच नको.’ यातलं काहीच धडधडीत खोटं नाही, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात आणि मार्चमध्ये टो-ट्रक बोलावतात.

आधी प्लगचं बघू. मोटरहोममध्ये १२ व्होल्टची दोन वेगळी बिऱ्हाडं असतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हाऊस बॅटरीवर. इंजिनाचा सेल्फ चॅसी बॅटरीवर. घरची १२० व्होल्टची वायर जोडली की तिची वीज १२ व्होल्टची करणारा कन्व्हर्टर सुरू होतो, पण बऱ्याच गाड्यांत तो फक्त हाऊस बॅटरी भरतो. चॅसीला काहीच मिळत नाही, आणि तिकडे रेडिओची मेमरी, इंजिनाचा कॉम्प्युटर तिच्यातून ओढतच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला ३६ अँपिअर-तास गेले. मग आत दिवे लख्ख, आणि किल्ली फिरवली की नुसती टकटक.

काही गाड्यांत दोन्ही बॅटऱ्या जोडणारा दुतर्फी रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असतो. एका बाजूचा व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर थोडा वेळ टिकला की तो दुसरी बाजू जोडून घेतो. तुमच्या गाडीत तो आहे का, असला तर चालतो का, हे मॅन्युअल चाळत बसण्यापेक्षा व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टीमीटरला विचारा. प्लग काढून गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी चॅसी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. भरलेली लेड-ॲसिड, म्हणजे नेहमीची ॲसिडची बॅटरी, १२.६ च्या आसपास दाखवेल. मग प्लग लावा, काही तासांनी पुन्हा मोजा. घाई नको, हाऊस बॅटरी उतरलेली असेल तर रिले उशिरा जोडतो. आकडा १३ च्या वर चढला तर चार्जिंग पोचतंय. होता तिथेच राहिला तर चॅसीला हळूहळू भरणारा वेगळा ट्रिकल चार्जर लावा, किंवा हाऊसकडून थोडा करंट तिकडे वळवणारं ‘ट्रिक-एल-स्टार्ट’सारखं डबडं बसवा. डॅशबोर्डवरचं इमर्जन्सी स्टार्टचं बटण यात धरू नका. ते दाबून ठेवाल तेवढाच वेळ हाऊसची मदत मिळते.

आणि जुना, एकाच व्होल्टेजवर चालणारा कन्व्हर्टर असेल तर प्लग महिनोन्‌महिने लावून ठेवणं उलट हाऊस बॅटरीलाच भोवतं. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. बॅटरी भरली की फ्लोटवर, म्हणजे कमी व्होल्टेजवर, उतरणारा चार्जर नसेल तर दर महिन्याला झाकणं उघडून पाणी बघायलाच हवं.

पंधरा मिनिटांच्या इंजिनाने सेल्फला लागलेली वीज परत येते, एवढंच. लेड-ॲसिडचे शेवटचे वीसेक टक्के भरायला तास लागतात, अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं जनित्र) केवढाही असो. अर्धवट भरलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. शिवाय इंजिन पुरेसं तापत नाही, तेलात धरलेलं पाणी तिथेच राहतं. चालवायचीच तर तासभर रस्त्यावर काढा. हाऊसला लिथियम टाकली असेल तर आणखी जपा: ती करंट इतका खेचते की उभ्या गाडीत मंद फिरणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. दोघांच्या मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. आणि शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही.

सोलरबद्दल फार बोलायला नको. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा कंट्रोलर बहुधा हाऊसलाच जोडलेला असतो, आणि मिशिगनच्या जानेवारीत पॅनेलवर बर्फ असतं.

प्लगच मिळणार नसेल तर दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. भरलेली लेड-ॲसिड तिथल्या थंडीत गोठत नाही. पार उतरलेली मात्र शून्याखाली सात-आठ अंशांवरच गोठून फुटू शकते.