ऐकणाऱ्यांना आळशी म्हणणाऱ्यांसाठी

आज एका ग्रुपवर कुणीतरी ज्ञान पाजळलं की ऑडिओबुक म्हणजे आळशी लोकांची पळवाट, ऐकून झाल्यावर पुस्तक 'वाचलं' म्हणायचा तुम्हाला हक्कच नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

माझ्या आत्याला समोर बघितलं की मधोमध धूसर डाग दिसतो, कडेचं दिसतं पण अक्षर काही लागत नाही. जन्मभर पुस्तकात नाक खुपसून बसलेली बाई आता फोन मांडीवर घेऊन ऐकते, आणि नुसती ऐकत नाही हो, पात्रांशी भांडते, "अगं मूर्खे, सही करू नकोस!" परवा म्हणाली, "आज ह्याला सर्दी झालीय बघ." मी मागे घेऊन ऐकलं तर खरंच, नवीन प्रकरणापासून वाचणाऱ्याचा आवाज किंचित बसलेला. एवढं कान देऊन वाचतं का कुणी? आणि ही आळशी?

बरं, हे मोबाइलचं फॅडही नाही. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र, केलं आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलणारी पुस्तकं त्यात घातली. ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तकं आली ती पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा विचार करून. जा, त्यांना सांगा पळवाट म्हणून. एका कादंबरीला तबकड्यांचा ढीग लागायचा, दर थोड्या वेळाने उठून बाजू उलटायची, तरी ऐकायचे लोक.

हां, तक्ते आणि आकडेमोड ऐकून डोक्यात शिरत नाही, मान्य. झोपही लागते कधीकधी.

पण एखादा जाणकार वाचणारा पात्राचं बोलता बोलता अडतो, श्वास घेतो, मग जरा हळू आवाजात खरं काय ते सांगतो, ती मधली शांतता छापता येत नाही ना. आत्या तर अशा जागी मला हाताने गप्प करते. तिचं बघून बघून मलाही आता कान लागलेत, भांडी घासताना नळ बंद करून ऐकते मी.

राग येतो तो दुप्पट स्पीडवाल्यांचा. गोष्टीतला माणूस मरतोय आणि हे त्याला पळवतायत, का तर महिनाअखेरीला यादी टाकायची असते!

असो. एखादी लांबलचक रहस्यकथा सुचवा रे, आत्याची संपत आलीय. फक्त वाचणाऱ्याने बायकांची पात्रं आली की किनरा आवाज काढलेला नको, ती जाम वैतागते.